मोरचूद, चुना आणि १९८६ची बाटली

आमच्याकडे बोर्डो म्हणजे ड्रमातलं निळं पाणी. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, आणि विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय. निफाड तालुक्यात द्राक्षाच्या मळ्यात वाढलेलं पोर हा हिशोब पाढ्यांबरोबरच शिकतं. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सदऱ्याला तो निळा डाग कायमचा असायचा. बोर्डो हे दूरच्या एका शहराचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता मी तुलूझला राहते, विमानांच्या कामात आहे. तिथून बोर्दोला (फ्रेंच माणूस 'बोर्दो' म्हणतो) रेल्वेने दोन-सव्वादोन तास लागतात. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचे वडील बोर्दोच्या उत्तरेला मेदोकमध्ये, सें-ज्युलियां गावात राहतात. सगळी हयात त्यांनी द्राक्षमळ्यात आणि पिंपांच्या कोठारात काढली. समोर मी त्यांना म्युस्यू म्हणते, मनात काका. फेब्रुवारीत त्यांनी मुलाच्या वाढदिवसाला बोलावलं आणि निरोपात एवढंच कळवलं, "१९८६ उघडतोय. तुझे वडील द्राक्षवाले आहेत, तू असायला हवीस."

१९८६ हे मुलाचं जन्मसाल. मूल जन्मलं की त्या वर्षीच्या वाइनच्या काही बाटल्या घेऊन ठेवायच्या, ही इकडची जुनी रीत. आपल्याकडे मुलीच्या नावाने दागिना करून ठेवतात तशी. फरक इतकाच की ही ठेव कपाटात पडल्या पडल्या बदलत असते.

मी सकाळीच पोचले. जेवायला वेळ होता, म्हणून काका मला मळ्यात घेऊन गेले. छाटणी चालू होती. आपल्यासारख्या दोन छाटण्या इथे नाहीत. एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी हा प्रकार त्यांना समजावायला मला अर्धा तास लागला, कारण वेल कधी झोपतच नाही ही कल्पनाच त्यांना पटेना. इथे वेल हिवाळाभर खरोखर झोपते, आणि त्या झोपेतच तिला कापतात. दोन काड्या ठेवायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, तारेला वाकवून बांधायच्या. बाकी सगळं खाली.

मी वाकून खोडाला हात लावला. जमिनीच्या वर चार बोटांवर कलमाची गाठ होती, अगदी आमच्या मळ्यातल्यासारखी. १८६०नंतर अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्सच्या वेलींची मुळं खाऊन टाकली. उपायही अमेरिकेतूनच आला. तिकडच्या रानवेलींची मुळं ही कीड पचवतात, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच काडी बांधायची. नाना डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात ते पाण्यातल्या क्षारांसाठी आणि दुष्काळासाठी. पण डॉगरिजही टेक्सासच्या रानवेलींतलाच. मी व्हिडिओ कॉल लावला आणि नानांना ती गाठ दाखवली.

"गाठ चांगली बसलीय," ते म्हणाले. मग लगेच, "पण एवढी दाट का लावली? चालायचं कुठून?"

हेक्टरी दहा हजार वेली. एकराला चार हजार. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आत बसतात. वर मांडव नाही, ठिबक नाही, वेल जेमतेम कमरेएवढी. एका वेलीमागे एक बाटली धरा, बऱ्याचदा तीही नाही. नाना बराच वेळ गप्प होते. एकरी टनांत विचार करणाऱ्या माणसाला हे ऐकवताना मलाच चुकल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी माती दाखवायला सांगितली. माती कुठली, नुसते गोटे. मुठीएवढे, अंड्याएवढे, नद्यांनी पिरेनीज पर्वतातून वाहून आणलेले. पाऊस त्यांतून खाली निघून जातो, दिवसाचं ऊन ते धरून ठेवतात, आणि मुळं पाण्यासाठी खोल जातात. मेदोकात म्हणतात की चांगली वेल नदी बघते. आम्ही उभे होतो तिथून जिरोंदचं करडं, रुंद पात्र दिसत होतं.

नंतर काकांनी रस्त्याच्या कडेची एक ओळ दाखवली. जवळच द्युक्रू-बोकायू नावाचा शातो आहे, म्हणजे स्वतःच्या मळ्याची वाइन करणारी वाडी. बोकायू म्हणजे सुंदर गोटा. १८८२च्या ऑक्टोबरमध्ये बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे या भागातून चालले होते. त्या वर्षी डाऊनी या बुरशीच्या रोगाने वेलींची पानं गळून गेली होती, पण रस्त्याकडेच्या ओळींची पानं शाबूत. चौकशी केली तेव्हा कळलं की येणारे-जाणारे घड तोडून खातात, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. निळा, विषारी दिसतो, कुणी हात लावत नाही. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रण जाहीर केलं.

हे सगळं मी फोनवर मराठीत सांगत होते. नाना म्हणाले, "इथं? आपला बोर्डो या जागेवरचा?" मग त्यांनी आईला हाक मारली. दोघं त्या ओळीकडे बघत राहिली. नाना माळकरी आहेत. वाइनचा थेंब त्यांनी कधी तोंडात घेतलेला नाही, घेणारही नाहीत. पण त्या रस्त्याकडेच्या ओळीला त्यांनी फोनवरून हात जोडले.

आता बाटल्यांकडे येते.

टेबलावर चार होत्या. बाटल्या दोन दिवस आधीच उभ्या करून ठेवलेल्या, म्हणजे साका तळाला बसतो. २००५ची लेओव्हील-बार्तों तीन तास आधीच रुंद पोटाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवली होती, तिला हवा हवी म्हणून. १९९६ची एक, १९९०ची एक, आणि शेवटी ग्रुओ-लारोज १९८६. लेओव्हील-बार्तों आणि ग्रुओ-लारोज ही दोन्ही १८५५च्या प्रतवारीत दुसऱ्या वर्गात येतात. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसच्या प्रदर्शनासाठी ती यादी करवून घेतली आणि बोर्दोच्या दलालांनी त्या वेळच्या बाजारभावांवरून ती लावली. पहिल्या वर्गात एका शातोची भर १९७३ साली पडली, एवढाच काय तो मोठा बदल. काका त्या यादीबद्दल फारसं बोलत नाहीत, आणि मलाही त्यात रस नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा भाव आजच्या पेल्यात लागत नाही.

तरुण वाइनपासून सुरुवात करायची, जुनीकडे जायचं. २००५ पेल्यात घेतली. मध्यभागी काळसर, कडेला अजून गर्द लाल. वास उत्तम, काळ्या फळांचा, लाकडाचा. पहिला घोट घेतला आणि हिरड्या आवळल्या गेल्या. जीभ टाळ्याला चिकटली. तुरट! कच्चं जांभूळ खाल्ल्यावर ओठ आतून जाड होतात ना, तसं.

इथे मला माझ्या भाषेचा फार उपयोग झाला. फ्रेंच लोक चवी मोजताना तुरट मोजत नाहीत. त्यांच्या लेखी तो तोंडातला स्पर्श. शास्त्रही तेच सांगतं. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या ओकमधून येणारं टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. पण आपल्या सहा रसांत तुरट हा पूर्ण हक्काचा रस आहे. आवळा, सुपारी, कात, कवठ, कच्चं केळं, बोराची साल असे किती तरी तुरट आपण लहानपणापासून वेगवेगळे ओळखतो. सुपारीचा तुरटपणा गालांत बसतो, आवळ्याचा जिभेच्या मागे आणि त्यावर पाणी प्यायलं की गोड लागतो, कवठाचा दातांवर. त्यामुळे या टेबलावर मला बाकीच्यांपेक्षा जास्त सांगता येत होतं. २००५चा तुरटपणा सुपारीचा होता. बारीक, पण गालांत घट्ट. काकांनी विचारलं, वाईट आहे का? मी म्हटलं, अजिबात नाही, पण अजून कोवळी आहे. वीस वर्षांच्या बाटलीला कोवळी म्हणताना मला क्षणभरही अवघडल्यासारखं झालं नाही.

आमच्या थॉमसन द्राक्षाला बी नाही, साल पातळ. निर्यातीचा मणी १६-१८ मिलिमीटरचा हवा, आणि त्यासाठी आम्ही काय काय करतो ते द्राक्षवाल्यांना माहीत आहे. सप्टेंबरात एकदा मी इथल्या काबर्ने सोव्हिन्यों या वाइनच्या द्राक्षाचा मणी खाल्ला होता. करवंदाएवढा, जाड सालीचा, निम्मा बियांनीच भरलेला. टेबलावर ठेवायला तो कुणी घेणार नाही. पण या बाटल्यांचं आयुष्य त्या सालीत आणि बियांत असतं. तुरटपणा नसेल तर ही वाइन चार-पाच वर्षांत संपेल.

१९९६बद्दल थोडक्यात सांगते. सुरेख होती, सरळ, थंड, पेन्सिल तासल्यासारखा वास. मी तिच्यावर अजून लिहू शकले असते, पण पुढच्या दोघींनी तिला मागे टाकलं, एकीने दुःखाने आणि एकीने आनंदाने.

१९९०चं बूच निघालं, काकांनी बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं आणि मान वर केली. पेला माझ्याकडे सरकवला. मी वास घेतला आणि ओळखलाच. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या! अवकाळीत पॅकिंग शेडच्या पत्र्यातून पाणी आलं की द्राक्षाच्या खोक्यांना दुसऱ्या दिवशी येतो, तोच. फ्रेंचमध्ये याला बुचाचा वास म्हणतात. बुचातल्या बुरशीमुळे तयार होणारं एक रसायन, लिटरमागे ग्रॅमचे मोजके अब्जांश भाग पुरतात आणि वाइनमधलं सगळं फळ झाकून टाकतात. प्यायलं तर अपाय नाही. पण पिण्यासारखं काही उरत नाही. शातोचं नाव लिहीत नाही, दोष त्यांचा नाही, एका बुचाचा आहे.

काकांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. कधी कधी हवेने वास कमी होतो असं त्यांना वाटत असावं. तो वाढला. तीस वर्षांहून जास्त काळ सांभाळलेली बाटली त्यांनी स्वतः उठून मोरीत ओतली, नळ सोडला आणि बराच वेळ सिंकपाशी उभे राहिले. मुलगा काही बोलला नाही. मीही नाही. हाताशी आलेलं पीक गारपिटीने गेल्यावर आमच्या घरात अशीच शांतता असायची.

आता १९८६.

आधी त्यांनी बाटली उजेडासमोर धरली. वाइनची पातळी मानेच्या खालच्या टोकाशी होती, इतक्या वर्षांना ते चांगलं लक्षण. खांद्याच्या खाली गेली असती तर हवा आत शिरल्याची भीती. वरचं धातूचं टोपण कापलं. बुचावर काळी, ओलसर बुरशी. ती फडक्याने पुसली. नेहमीचा स्क्रू अशा बुचात घातला तर बूच भुगा होऊन आत पडतं, म्हणून त्यांनी दोन पातळ पात्यांचा एक चिमटा घेतला. एक पातं बुचाच्या एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला, काच आणि बूच यांच्या मधून हलवत हलवत खाली सरकवायचं, आधी एक बाजू, मग दुसरी. मग पिळत पिळत वर. त्यांचा हात जराही थरथरला नाही. बूच अख्खं आलं. बोटाएवढं लांब, वरून तपकिरी, खालचं टोक जांभळासारखं काळं.

मग त्यांनी मेणबत्ती पेटवली. बाटलीची मान ज्योतीवर धरून वाइन काचेच्या भांड्यात ओतायला लागले, दुधाची साय मागे ठेवून दूध गाळावं तितक्या हळू. ज्योतीमुळे मानेतली वाइन माणकासारखी दिसत होती. शेवटी शेवटी एक काळसर धागा, तपकिरीच्या चिमटीएवढा, बाटलीच्या खांद्यावर सरकत आला. तो मानेत शिरायच्या आत त्यांनी हात थांबवला. एका थेंबाचाही उशीर नाही.

उरलेला गाळ त्यांनी वेगळ्या पेल्यात ओतून माझ्यासमोर ठेवला. "हे बघ," म्हणाले, "हा तुझा तुरटपणा."

आणि ते खरं आहे. टॅनिन आणि सालीतला रंग वर्षानुवर्षं एकमेकांना धरत जातात, साखळ्या मोठ्या होतात, जड होऊन तळाला बसतात. म्हणून जुनी वाइन एकाच वेळी फिकीही होते आणि मऊही. मी बोट बुडवून गाळ चाखला. चहाच्या चोथ्यासारखा, कडसर, तोंड आवळणारा. २००५च्या पेल्यात जे विरघळलेलं होतं ते इथे बोटावर दिसत होतं.

मग वाइन. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पेला तिरका केला. मधे तांबडी, कडेला विटकरी, शेवटच्या रेषेला कौलासारखी. पलीकडची बोटं दिसत होती. पहिल्या वासाला बंद माजघर उघडल्यासारखं वाटलं आणि मला धसका बसला, आत्ताच एक बाटली गेली होती. काका म्हणाले, थांब. पाच मिनिटांत ती बंद खोली उघडली. आधी देवदाराच्या लाकडाची पेटी. मग तंबाखू. आमच्या आजोबांची कापडी चंची होती, बंद गुंडाळून कमरेला खोचलेली. तंबाखू संपल्यावरही तिला जो गोडसर वास राहायचा, तो. मग जुलैमध्ये बांधावर भिजून पडलेला पालापाचोळा. फ्रेंच त्याला 'सू-ब्वा' म्हणतात, झाडांखालची जमीन. आणि फळ? होतं, पण ताजं नव्हे. आमसूल. वाळलेलं, काळं, आंबूस, ज्याला अजून रातांब्याची आठवण आहे.

घोट घेतला आणि तुरट शोधत राहिले. सुपारी नव्हती. शेवटी, गिळल्यावर, जिभेच्या मुळाशी आवळ्याच्या पाण्यासारखं काही तरी आलं आणि ते गोड होत गेलं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण सेपची अळंबी लसणीत परतून टेबलावर येईपर्यंत ते तोंडात होतं. (बाकीच्यांसाठी मांस होतं, छाटलेल्या वेलींच्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलं, ही इथली पद्धत. आमच्याकडे त्याच काड्या चुलीत जातात. धुराचा वास तोच.)

काकांनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणाल? फ्रेंचमध्ये ते अशा टॅनिनला 'विरघळलेलं' म्हणतात, किंवा 'रेशमी'. मला एकच शब्द सुचला. मुरलंय.

"म्यूर?" ते म्हणाले, "बरोबर, म्यूर."

फ्रेंचमध्ये म्यूर म्हणजे पिकलेलं. त्यांना वाटलं मी फ्रेंचच बोलले. मग मी सांगितलं, आमच्याकडे पिकणं वेगळं आणि मुरणं वेगळं. आंबा पिकतो, लोणचं मुरतं. पिकणं झाडावर नाहीतर अढीत. मुरणं बरणीत, तोंडाला फडकं बांधून, अंधाऱ्या फळीवर. आईच्या बरणीतली कैरी पहिल्या आठवड्यात करकरीत आणि तुरट असते, मीठ एकीकडे, मसाला एकीकडे. वर्षभराने त्यातलं काय कुठलं ते सांगता येत नाही. काकांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. ळ, ण त्यांच्या जिभेला जड जातात, पण 'मुरलं' त्यांना सहज आलं. पुढच्या घोटानंतर ते मुलाकडे वळले आणि म्हणाले, "मुरलं."

तासाभरात ती वाइन उतरायला लागली. इतक्या जुन्या बाटलीला हवा सोसत नाही. आधी आमसूल गेलं, मग तंबाखू, शेवटी नुसतं लाकूड आणि आंबटपणा राहिला. शेवटचा घोट मुलाने घेतला. त्याच्याच वयाची होती ती.

निघताना काका मला घरामागच्या कोठीत घेऊन गेले. मेदोकात जमिनीखाली लवकर पाणी लागतं, म्हणून खोल तळघरं फारशी नाहीत, जाड दगडी भिंतींची कोठी असते. फळीवर त्यांनी एक बाटली आडवी ठेवली होती, २०१६ची. माझ्या मुलीचं जन्मसाल, आणि मेदोकचं उत्तम वर्ष. मी ती तुलूझला नेणार नव्हते, आमच्या फ्लॅटमधला एक उन्हाळा तिला पुरला असता. ती तिथेच राहील. त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि फळीच्या कडेला नाव लिहायला सांगितलं. मी विचारलं, कुठल्या लिपीत? ते म्हणाले, तिच्या.

मी देवनागरीत लिहिलं. त्यांनी खाली २०१६ काढलं आणि बाटली बोटभर आत सरकवली.